धुराची वाट

अग्नी घरात आणणे ही एक विद्या आहे आणि अग्नीचा उच्छ्वास घराबाहेर पोचवणे ही दुसरी. पहिली विद्या मानवाला फार प्राचीन काळी साधली. दुसरी साधण्यास त्याला हजारो वर्षे लागली, आणि ती पुरती साधली असे म्हणण्याचे धाडस आजही करवत नाही. राजांच्या लढायांचा आणि तहांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी धुराड्याचा इतिहास बहुधा स्वयंपाकघरात सोडून दिला आहे. तो थोडासा उचलून श्रोत्यांपुढे मांडावा असे आम्ही योजले आहे.

निमित्त मात्र अगदी आजचे आहे. थंड देशांत प्रोपेन नावाच्या वायूवर चालणारे हीटर घरोघर असतात. त्यांतल्या बऱ्याच हीटरांना चिमणी नसते. बाहेरच्या भिंतीला वीतभर भोक पाडून त्यातून एक नळी काढलेली असते, एवढेच. हे भोक नीट पाडले तर कुटुंब हिवाळाभर सुखाने झोपते. चुकले तर एखाद्या रात्री ते झोपेतून उठत नाही. हे भोक कोठे असावे, कसे असावे, याचे नियम आज छापील मिळतात. परंतु त्या नियमांतील प्रत्येक ओळीमागे कोणाचा तरी गुदमरलेला श्वास आहे, ही गोष्ट छापील नियमांत दिसत नाही. ती दाखवणे हे इतिहासाचे काम आहे.

इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून आरंभ करू. रोमन लोकांनी घर तापवण्याची एक उत्तम पद्धत शोधून काढली होती. जमिनीखाली पोकळी ठेवायची, तिच्या तोंडाशी भट्टी पेटवायची, आणि गरम धूर त्या पोकळीतून व भिंतींत बसवलेल्या पोकळ विटांतून खेळवून बाहेर सोडायचा. ऊब आत आणि धूर बाहेर, असा हा प्रबंध होता. पुढे सम्राट झालेला ज्यूलियन ३५७-५८च्या सुमारास गॉल प्रांताच्या मोहिमेवर असताना ल्यूटेशिया येथे, म्हणजे आजच्या पॅरिसात, हिवाळ्याला राहिला होता. त्या वर्षी थंडी एवढी कडक होती की सेन नदीतून संगमरवराच्या लाद्यांसारखे बर्फाचे तुकडे वाहत होते. ज्यूलियन वृत्तीने विरक्त. इतरांच्या घरांतल्याप्रमाणे आपली खोली भट्टीने तापवण्यास त्याने नकार दिला. अखेर थंडी असह्य झाली तेव्हा थोडेसे निखारे तेवढे आत आणण्याची त्याने परवानगी दिली. निखाऱ्यांना धूर नव्हता. सम्राट झोपला, आणि गुदमरून मरता मरता वाचला. सेवकांनी त्याला उचलून बाहेर आणले. वैद्यांनी पोटातले अन्न ओकवून काढले. ही हकीकत त्याने स्वतःच ३६३ साली अँटिऑक येथे लिहिलेल्या एका उपरोधपर निबंधात दिली आहे.

या हकीकतीतील खरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट तिचे निदान ही आहे. ज्यूलियनने दोष दिला तो भिंतींतील ओलीला. निखाऱ्यांच्या उष्णतेने भिंतींतून दमट वाफ निघाली आणि ती डोक्यात चढली, अशी त्याची समजूत. वैद्यांनी दोष दिला पोटातील अन्नाला. निखाऱ्यांना कोणी दोष दिला नाही. कारण त्यांचा धूर दिसत नव्हता. पुढे एकाच वर्षाच्या आत, फेब्रुवारी ३६४ मध्ये, त्याच्यामागून सिंहासनावर आलेला जोव्हियन प्रवासात एका मुक्कामी रात्रीतून मरून पडला. इतिहासकार अम्मियानसने कारणे तीन सांगितली आहेत: नव्या गिलाव्याचा उग्र वास, कोळशाचा मोठा ढीग जाळल्यामुळे कोंदलेली खोली, किंवा अतिभोजन. त्यांतले खरे कोणते हे तो ठरवीत नाही. पण येथे कोळसा निदान संशयितांच्या रांगेत आला होता.

यानंतर युरोपचा गृहस्थ शेकडो वर्षे धुरात बसला. घराच्या मधोमध आगटी आणि छपराला भोक, एवढीच त्याची सोय. बाराव्या शतकापासून किल्ल्यांच्या जाड भिंतींत धुराडी दिसू लागली. सामान्य घरांत ती यायला आणखी चारशे वर्षे गेली. १५७७ साली प्रथम छापलेल्या आपल्या इंग्लंडवर्णनात विल्यम हॅरिसन सांगतो की, गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत झालेले जे मोठे बदल जाणवले त्यांत धुराड्यांची वाढलेली संख्या हा एक होता. आणि लगेच त्याची तक्रारही आहे: पूर्वी धुरात राहणारी माणसे काटक होती, आता धुराडी आली आणि सर्दीपडशी वाढली! नव्या सुखसोयीबद्दल जुन्या माणसांनी काढलेले असे उद्गार आपल्याही परिचयाचे आहेत.

धुराडे आले की त्यामागून सरकार आले. इंग्लंडात १६६२ साली दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसला. १६८९ साली तो उठला. या अवधीतील एक घटना आमच्या विषयाला अगदी चिकटून आहे. ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल नावाच्या गावी १६८४ साली एका भटारखानेवालीने कर चुकवण्यासाठी स्वतःचे धुराडे वापरण्याऐवजी सामायिक भिंत फोडली आणि आपल्या भट्टीचा धूर शेजाऱ्याच्या धुराड्यात सोडला. आग लागली, वीस घरे जळाली, चार माणसे मेली. ज्या भिंतीतून गरम नळ न्यायचा ती भिंत कशाची आहे, पलीकडे काय आहे, आणि नळाभोवती किती मोकळी जागा आहे, हे पाहिल्याखेरीज भोक पाडू नये, हा नियम आजच्या संहितांत आहे. तो शिकवण्यासाठी चर्चिल गावाला केवढी फी द्यावी लागली ते पाहा.

धुराडे का ओढते आणि कधी ओढत नाही, याचा शास्त्रीय विचार अठराव्या शतकात झाला. बेंजामिन फ्रँकलिनने १७४४ साली आपल्या नव्या लोखंडी शेगडीची माहिती देणारी पुस्तिका छापली. तिचे एकाधिकारपत्र देऊ केले असता लोकोपयोगी वस्तू म्हणून ते त्याने नाकारले. या शेगडीचा विशेष असा की, ताजी हवा एका वेगळ्या मार्गाने घराबाहेरून आणून ती शेगडीतल्या हवापेटीत तापवून खोलीत सोडली जाई. शेगडी व्यवहारात फारशी यशस्वी झाली नाही. तिचा धूर आधी खाली आणि मग वर न्यावा लागे, आणि तो तसा जाण्यास राजी नसे. पण आत येणाऱ्या हवेचा विचार बाहेर जाणाऱ्या धुराइतकाच केला पाहिजे, हे सूत्र तिच्यात होते. १७८५ साली युरोपातून परतताना जहाजावर बसून त्याने व्हिएन्नातील आपल्या स्नेह्याला, डॉक्टर इंगेनहाउस यांना, धुरकट चिमण्यांची कारणे आणि उपाय लिहून कळवले. त्यात पहिलेच कारण आहे ते असे: नवी घरे इतकी घट्ट बांधलेली असतात की धुराड्याला ओढण्यापुरती हवाच आत येत नाही. पुढे १७९६ साली काउंट रम्फर्डने धुराड्याचा गळा अरुंद करून धूर जोराने वर जाईल अशी रचना सांगितली, आणि लंडनच्या श्रीमंत घरांतील कैक शेगड्या तिला अनुसरून बदलण्यात आल्या.

फ्रँकलिनचे ते पहिले कारण समजून घेण्यासारखे आहे. गरम हवा हलकी असते म्हणून नळीतून वर चढते. तिची जागा खोलीतील हवा घेते. खोलीची तूट बाहेरच्या हवेने भरून निघते. ही साखळी तुटली, म्हणजे दारेखिडक्या घट्ट लावल्या, किंवा स्वयंपाकघरातील पंखा हवा बाहेर फेकू लागला, की तूट भरण्यासाठी हवा धुराड्यातूनच खाली उतरते आणि धूर बरोबर घेऊन येते. धुराडे शाबूत असूनही घर कोंदते ते असे.

आता त्या अदृश्य मारेकऱ्याकडे वळू. इंग्लंडात १८०० साली विल्यम क्रुइकशँकने ओळखले की, कार्बन आणि ऑक्सिजन यांचा एक वायू असा आहे की ज्याला ना रंग, ना वास. यालाच आपण कार्बन मोनॉक्साइड म्हणतो. जळणाला पुरता ऑक्सिजन न मिळाला की तो उत्पन्न होतो. १८५०च्या दशकात पॅरिसात क्लोद बर्नार यांनी दाखवले की हा वायू रक्तातील लाल द्रव्याला जाऊन चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. म्हणून अशा प्राण्याचे रक्त मृत्यूनंतरही लालभडक दिसते. १८९५ साली जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून, ठरावीक वेळाने स्वतःचे रक्त तपासून, त्याचा परिणाम टिपून ठेवला. रक्ताची या वायूकडे ओढ ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी जास्त असते. हवेत ऑक्सिजन शेकडा २१ भाग. तेव्हा या वायूचा हजारात एक भाग जरी हवेत मिसळला आणि माणूस बराच वेळ तेथे राहिला, तरी त्याचे जवळजवळ निम्मे रक्त निकामी होते. हॉल्डेन यांच्याच सल्ल्याने खाणींत लहान पक्षी नेण्याची प्रथा पडली; माणसाआधी पक्षी कोसळे आणि माणूस सावध होई. ब्रिटिश खाणींत ती १९८६ पर्यंत चालू होती.

शास्त्राला कळले म्हणजे घराला कळले असे होत नाही. १९०२च्या सप्टेंबरात कादंबरीकार एमील झोला उन्हाळ्याचा मुक्काम संपवून पॅरिसच्या घरी परतले. रात्री गारठा होता म्हणून शयनगृहात कोळसा पेटवला होता आणि चिमणी तुंबलेली होती. मध्यरात्री पतिपत्नींना अस्वस्थ वाटू लागले. काही तरी बाधले असेल, सकाळी बरे वाटेल, असे समजून त्यांनी नोकरांना उठवले नाही. झोला खिडकी उघडण्यास उठले आणि वाटेतच पडले. सकाळी ते मृतावस्थेत सापडले, पत्नी वाचली. हा अपघात की घातपात, हा वाद पुढे निघाला; चिमणी एका कामगाराने मुद्दाम बुजवली होती, असे १९५३ साली एका फ्रेंच वृत्तपत्राने छापले. त्या वादात आम्ही पडत नाही. आमचे लक्ष वेधते ते दुसरेच. ज्यूलियन आणि झोला यांच्यामध्ये साडेपंधराशे वर्षे गेली. शहर तेच, पॅरिस. आणि दोन्ही वेळा संशय आला तो पोटातील अन्नाचा! हा वायू फुफ्फुसाआधी विवेकावर घाला घालतो. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात, आणि जी बुद्धी संकट ओळखणार तीच मंद होत जाते. म्हणून यावरचा उपाय माणसाच्या त्या वेळच्या सावधपणावर सोपवून चालत नाही; तो भिंतीतच बांधून ठेवावा लागतो.

याच सुमारास इंधन स्वच्छ होऊ लागले होते. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन मॉगन याने वायूच्या ज्योतीवर तत्काळ पाणी तापवणारे यंत्र काढले आणि आइसलंडमधील उष्ण झऱ्यांवरून त्याला ‘गिझर’ हे नाव दिले. न्हाणीघरात बसवायच्या या यंत्राला धुराची नळीच नव्हती! पुढे अमेरिकेत १९१०च्या सुमारास वॉल्टर स्नेलिंग या सरकारी खाणखात्यातील रसायनज्ञाने पेट्रोलमधून उडून जाणारा प्रोपेन वेगळा ओळखला, आणि १९१३ साली त्याला त्याचे एकाधिकारपत्र मिळाले. दाबाखाली द्रव होणारा हा वायू टाकीत भरून गाडीवर घालता येतो. जेथे शहरी वायूचे नळ पोचले नाहीत अशा वाड्यावस्त्यांवर त्यामुळे निळी, निर्धूम ज्योत पोचली. मुंबईत बर्मा-शेल कंपनीने १९५५ साली सिलिंडरमधून जो वायू विकण्यास आरंभ केला, तो याच कुळातला. आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते.

निर्धूम याचा अर्थ निरुपद्रवी असा नव्हे. एक किलो प्रोपेन पुरता जळण्यास सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे साधारण तेरा घनमीटर हवेतील सगळा ऑक्सिजन. त्यातून तीन किलो कार्बन डायॉक्साइड आणि दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ निघते. बंद खोलीत हे चालू राहिले की ऑक्सिजन उतरतो, ज्योत अर्धवट जळू लागते आणि मोनॉक्साइड तयार होतो. वायूला जो उग्र वास मुद्दाम लावलेला असतो तो न जळलेल्या वायूचा. गळती ओळखावी एवढाच त्याचा उपयोग. ज्योतीत तो वासही जळून जातो. तेव्हा नाकाला काही कळले नाही म्हणून निश्चिंत राहणे हा मोठा भ्रम होय.

येथे फ्रँकलिनचे सूत्र पुन्हा कामी आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे भिंतीतले हीटर प्रचारात आले त्यांत ज्योत एका बंद पेटीत असते आणि खोलीच्या हवेशी तिचा संबंधच नसतो. भिंतीतून एकात एक अशा दोन नळ्या बाहेर जातात: आतलीतून जळका वायू बाहेर, बाहेरचीतून ताजी हवा आत. दोन्हींची तोंडे बाहेर एकाच ठिकाणी असल्यामुळे वाऱ्याचा झोत आला तरी दोन्हींवर सारखाच दाब पडतो, आणि ज्योत उलटत नाही. खोलीत पंखा असो, खिडक्या घट्ट असोत, या ज्योतीला त्याची क्षिती नाही. चिमणीची उंची जे काम करीत होती ते काम समतोलाने केले.

पण नळी भिंतीत आली आणि तिचे तोंड छपरावरून उतरून माणसाच्या वावरात आले. म्हणून नियम आले. लाकडी भिंतीतून जाताना नळीभोवती धातूचा कोश आणि नेमून दिलेले अंतर हवे. नळी त्या हीटरसाठीच बनवलेली हवी. हाताशी सापडलेला दुसरा कोणताही नळ चालत नाही. सांधे घट्ट हवेत, आणि वाफेचे पाणी साचू नये म्हणून निर्मात्याने सांगितलेला उतार हवा. तोंड खिडकीखाली नको, दारापाशी नको, बंदिस्त ओसरीत नको, झुडपात नको. जमिनीपासून ते पुरेसे उंच हवे. हे काम या विषयाच्या जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे. आणि हीटर कोणत्याही प्रकारचा असो, झोपण्याच्या जागेजवळ मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र असावे. खाणीतल्या पक्ष्याची जागा आता त्याने घेतली आहे.

जमिनीपासून उंच का, याचे उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००५च्या जानेवारीत दिले. मोठे हिमवादळ झाले. प्लिमथ येथील एका घराच्या भिंतीशी बर्फाचा ढीग साचला आणि प्रोपेनच्या तापकयंत्राचे बाहेरचे तोंड त्यात बुजले. आत कोणाला काही दिसले नाही, काही हुंगता आले नाही. त्या घरातील सात वर्षांची मुलगी दगावली. त्याच वर्षी तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा राज्याने केला, आणि ३१ मार्च २००६ पासून घरोघर सूचनायंत्र सक्तीचे झाले. राज्याच्या नियमांत आणखी एक लहानशी तरतूद आहे. भिंतीतून निघणाऱ्या अशा नळीचे तोंड जमिनीपासून सात फुटांच्या खाली असेल, तर त्याच्या बरोबर वर, निदान आठ फूट उंचीवर, एक कायमची पाटी लावली पाहिजे: खाली वायूचे तोंड आहे, ते मोकळे ठेवा. अक्षरे निदान अर्धा इंच उंचीची हवीत. फावडे घेऊन बर्फ उपसणाऱ्या माणसाला, तोंड बर्फाखाली गडप झाले तरी ते कोठे आहे हे कळावे, एवढाच तिचा हेतू. आम्हाला ही पाटी धुराड्याच्या साऱ्या इतिहासाचे सार वाटते. जे दिसत नाही ते दिसेल अशा ठिकाणी लिहून ठेवावे.

हे सारे थंड देशांचे झाले. महाराष्ट्रात बर्फ कोठला, असे कोणी म्हणेल. आमच्या कौलारू घरांना चिमणी नव्हती हे खरे, पण कौलांच्या फटींतून धूर वाट काढी. त्या धुराने घरातील बायकांचे डोळे आणि छाती यांची जी हानी झाली तिचे समर्थन कोणी करू नये. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्ध्याच्या मगनचुलीने धूर नळातून बाहेर नेण्याचा यत्न केला तो याच दुःखापायी. तथापि त्या घरात माणूस कोंडून मरत नसे. पाणी तापवण्याच्या तांब्याच्या बंबालाही मधोमध उभा नळ असे आणि तो बहुधा परसात धडधडत असे. आता बंब गेला आणि न्हाणीघरात गॅसचा गिझर आला. घर सिमेंटचे, दार घट्ट, थंडीमुळे झरोका बंद. ही तर फ्रँकलिनने १७८५ साली वर्णिलेली घट्ट घराची अवस्था आणि १८६८ सालच्या मॉगनचे बिननळीचे यंत्र, दोन्ही एका चिमुकल्या खोलीत एकवटली! म्हणूनच हिवाळ्याच्या दिवसांत स्नानाला गेलेले माणूस बाहेर आले नाही, अशा बातम्या आपल्या शहरांतून पुनःपुन्हा येतात. आधी चक्कर म्हणतात, पित्त म्हणतात, हृदयविकार म्हणतात. ज्यूलियनचे वैद्य अजून आपल्यांतून गेलेले नाहीत.

उपाय दुर्घट नाही. ज्योतीचे यंत्र न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावे आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा. किंवा ज्याची ज्योत बंद पेटीत असून नळी बाहेरच्या भिंतीतून जाते असेच यंत्र घ्यावे. घर बांधतानाच या वाटेची जागा राखावी. न्हाताना कोणाचे डोके जड झाले तर आधी ज्योत बंद करावी, दार उघडावे, माणसाला उघड्या हवेत आणावे आणि डॉक्टरांना बोलावताना गॅसचा उल्लेख करावा. जेवणात काय होते याची चौकशी मागाहून करता येईल.

धूर डोळ्यांना झोंबत होता तोपर्यंत तो आपली वाट स्वतःच मागून घेत असे. आता तो मागत नाही. म्हणून ती आपण आधीच ठेवली पाहिजे.